इंजिन आणि तोरड्या

लोकांच्या गाण्यातले दोष काढायचं काम मला कुणी दिलं नव्हतं, ते आपोआप गळ्यात पडलं. नव्वदच्या दशकात मी आर्वीच्या एका ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचो. मग वरातींतून डीजे आले आणि आमचा ऑर्केस्ट्रा बसला. बसस्टँडच्या रस्त्यावरचं माझं कॅसेटचं दुकान तेवढं उरलं. कॅसेटी जाऊन सीडी आल्या, तशी दुकानात एक नवीनच जमात येऊ लागली. घरच्या कॉम्प्युटरवर, कुठून तरी मिळवलेल्या सॉफ्टवेअरवर स्वतःचं संगीत जुळवणारी ही मंडळी. त्यांत कॉलेजातले होते, मोबाइल दुरुस्तीवाले होते, एक तर चांगला तलाठी होता. सीडी पुढे करायचे आणि म्हणायचे, "भाऊ, आयकून सांगा ना जरा."

ज्या डीजेंनी माझ्या पोटावर पाय दिला त्यांचीच ही पिलावळ, असं मला वाटायचं. म्हणून सुरुवातीला मी तोंड सोडत असे. एकाला तर मी विचारलं होतं, पत्र्याचा डबा जिन्यावरून गडगडत गेला तेव्हा तू रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतंस काय. तो पुन्हा आला नाही, सीडी विकत घ्यायलासुद्धा नाही. बायको म्हणाली, "गिऱ्हाईक हाकलाचा चांगला धंदा काढला तुमी." तेव्हा मी एक पद्धत ठरवली. गाणं पूर्ण ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. आधी मोठ्या बॉक्सवर ऐकायचं, मग जुन्या रेडिओतून काढलेल्या लहान स्पीकरवर. आणि मग एकच दोष सांगायचा. सगळे सांगितले तर माणूस खचतो, एकही नाही सांगितला तर फुगतो. एक सांगितला की घरी जाऊन तेवढा दुरुस्त करतो आणि परत येतो.

या मंडळींतला एक बाजाराच्या दिवशी यायचा. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, पालक, मेथी विकून झाली की पाटी माझ्या ओट्यावर पालथी घालायचा आणि सदऱ्याच्या खिशातून सीडी काढायचा. तिशीचा असेल, लग्न झालेला, एक लहान मुलगी. लग्नसराईत वर्ध्याच्या एका डीजेच्या गाडीवर ऑपरेटर म्हणून जायचा. वरात निघाल्यापासून मांडवात शिरेपर्यंत बॉक्सच्या भिंतीला पाठ लावून उभा. त्या कामाचा त्याला मोठा अभिमान होता. गाडी चौकात आली की घरांच्या खिडक्या कशा थरथरतात, ते तो हात करून दाखवायचा.

त्याचं पहिलं गाणं मी ऐकलं ते भारनियमनाच्या दिवसांत. मोटर चालायची नाही म्हणून मळ्यात जुनं डिझेल इंजिन लावत. त्याचा धक-धक आवाज त्यानं टेपवर धरला आणि तोच ठेका केला. आणि त्या ठेक्यावर त्याच्या मुलीच्या तोरड्या. मुलगी नुकती चालायला लागली होती. पायांतल्या तोरड्यांची छुमछुम, मग थांबणं, मग पुन्हा छुमछुम, आणि खाली इंजिन आपलं चाललेलं. बाकी काही नव्हतं त्यात. इतकी वर्षं कॅसिओ बडवून माझ्या हातून असं काही निघालं नव्हतं. मला हेवा वाटला आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

तरी पद्धत ती पद्धत. मी म्हटलं, "शेवट लांबला तुया. इंजिन बंद केल्यावर थांब ना बाबा."

"करतो," तो म्हणाला. "हे मले एकदम पक्कं करून ठेवाचं आहे, भाऊ. पोरीच्या लग्नात लावीन. दुसऱ्या कोणाचं गाणं नाई."

"पोरगी चालाले लागली नाई अजून धड, आन् तू वरात काढून राह्यला."

तो हसला. पण थट्टा करत नव्हता. त्याची इतर गाणी येत गेली, जात गेली. हे मात्र तो पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त करत राहिला.

दोनेक वर्षांनी त्याच्या गाण्यांत एक खोड शिरली. वरचे बारीक आवाज फार टोचू लागले. झांजेसारखा काही आवाज लावला तर तो कानात काटा शिरावा तसा. मी सांगितलं, वरचं कमी कर. पुढच्या खेपेला ते आणखी चढलेलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा चढलं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मले येड्यात काढून राह्यला काय बे? कमी कर म्हटलं तं वाढवून आणतो!"

"मायची आन भाऊ, कमी केलं मी. आता तं आयकूच येत नाई इतकं कमी केलं."

त्याच काळात त्याची आणखी एक तक्रार असायची. घरचा यूपीएस खराब निघाला म्हणून. लाइन गेली की तो चिल्लावतच नाही. पंखा आधीच बंद, दिवा लावलेला नाही, मग लाइन गेल्याचं कळणार कसं? बॅटरी संपून कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा आणि सगळी मेहनत पाण्यात. दोन ठिकाणी दाखवला, दोन्हीकडे चांगला आहे म्हणाले. मी त्याला चिडवायचो, "यूपीएसही तुयं गाणं आयकून गप झाला."

मग एका दुपारी तो माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. लाइन गेली. माझा यूपीएस टेबलाखाली होता, त्याच्या गुडघ्याला लागून. यूपीएस केकाटू लागला. शेजारचा टेलर वैतागून ओरडला, "बंद करा ना तो!" मी काउंटरवरून उठलो. आणि हा पडद्याकडे बघत शांतपणे माउस हलवत होता. गुडघ्याशी ते यंत्र ओरडतंय आणि याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

 खराब यूपीएस, टोचणारी गाणी, सगळं एकदम कळलं. ऐकू येत नाही म्हणून तो वाढवत होता, आणि कमी केलं म्हणायचा तेही खोटं नव्हतं. त्याच्यापुरतं ते कमीच होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लाइन गेली," मी म्हटलं. "कधीची चिल्लावून राह्यला हा."

त्यानं वाकून टेबलाखाली पाहिलं. यूपीएसचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यानं त्यावर हात ठेवला, मग कान जवळ नेला. मी थांबलो. ऐकू आल्याची मान काही त्यानं हलवली नाही.

"दोष गाण्यात नाई," मी म्हटलं. "कानात आहे तुया. ती गाडी सोड."

तो भडकला. "डीजेनं तुमचा धंदा बसवला म्हणून बोलून राह्यले तुमी," म्हणाला, आणि पाटी उचलून निघून गेला. ते मला लागलं. लागणारच होतं, कारण त्यात थोडं खरं होतं. पण यूपीएसही खरा होता.

बरेच बाजार तो आला नाही. आला तेव्हा पाटी नव्हती, सीडीही नव्हती. "चला भाऊ वर्ध्याले," एवढंच म्हणाला.

वर्ध्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे काच लावलेली एक लहान खोली होती. त्याला आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. मी बाहेर बाकावर होतो. सुरुवातीला त्याचं बोट पटापट वर जात होतं. मग ते मांडीवरच राहिलं. आतलं काही मला ऐकू येत नव्हतं, पण तपासणाऱ्या बाईंचा हात बटणावर दाबलेला दिसत होता. मध्येच त्यानंही तो हात पाहिला आणि घाईघाईनं बोट वर केलं. बाईंनी हात झाकून घेतला. परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखा तो ओशाळला, आणि मी मान फिरवून रस्त्याकडे बघत बसलो.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज ऐकणाऱ्या आतल्या नसा गेल्या, त्या परत येत नाहीत. राहिलंय तेवढं जपा, बॉक्सपुढं उभं राहणं आजपासून बंद.

परतीच्या एस.टी.त तो खिडकीला डोकं टेकून होता. पुलगावच्या पुढं कुठंतरी म्हणाला, "इंजिन येते ना भाऊ मले. इंजिन पुरं येते." मी हो म्हटलं. 

डीजेची गाडी त्यानं सोडली नाही. त्या सीझनला गेला, पुढच्यालाही गेला. मी भांडलो, एकदा त्याच्या बायकोसमोर भांडलो. तिनं आधीच सगळं बोलून पाहिलं होतं. कानात कापूस घालतो म्हणाला, घालतही असेल. कापसाच्या मुलखात कापसाला काय तोटा. पण बॉक्सच्या भिंतीपुढं त्या बोळ्याचा काय उपयोग? मला त्याचा संताप यायचा. आणि त्या वरातींचाही, त्या नाचणाऱ्यांचाही, दुसऱ्याचे कान खाऊन लग्नं लावणाऱ्या सगळ्या गावाचाच.

दुकान मेमरी कार्डात गाणी भरून देण्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्याची मुलगी शाळेत जाऊ लागली होती. पायांत तोरड्या नव्हत्या, कधीच लहान झाल्या होत्या. तो सीडी घेऊन आला. चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी हसू होतं.

"पोरीचं गाणं पक्कं झालं," म्हणाला. "महिनाभर आयकून राह्यलो. आता कुठंच टोचत नाई. सांगा."

मी मोठ्या बॉक्सवर लावलं. इंजिन सुंदर आलं होतं. शेवटही आता नेमका इंजिन थांबतं तिथंच होता. लहान स्पीकरवर लावलं. मग हेडफोन चढवून ऐकलं, कारण मला वाटलं आता माझेही कान गेले. त्या सॉफ्टवेअरात प्रत्येक आवाजापुढं एक बारीक हिरवा दिवा असतो, तो दाबला की तेवढा आवाज बंद. इंजिनाचा आवाज दुरुस्त करताना त्यानं तोरड्यांचा दिवा बंद केला असणार आणि पुन्हा लावायचा विसरला असणार. गाण्यात तोरड्या नव्हत्या. एकही छुमछुम नव्हती.

"तोरड्या कशा आल्या?" त्यानं विचारलं.

"नाई आल्या," मी हळूच म्हटलं.

त्याला ते ऐकू गेलं नाही. मी नकाराची मान हलवली, तेव्हा त्याला ती माझी नेहमीची थट्टा वाटली. "तुमी पण ना भाऊ! लावा परत. मी दाखवतो."

मी लावलं. तो स्टुलावर बसला आणि डोळे मिटले. इंजिन धक-धक चालू झालं. ज्या जागी पूर्वी पहिली छुमछुम यायची, बरोबर त्या जागी त्याचं बोट वर गेलं.

"हे पाहा. आल्या," तो म्हणाला. मग थांबला. मग पुन्हा, मुलगी जिथं पुन्हा चालू लागायची तिथं, बोट वर. "आल्या."

एकही जागा चुकली नाही. महिनाभर तो आठवणीतल्या तोरड्या ऐकत होता. मला रडू आलं. होय म्हणावं असंही वाटलं, कारण होय म्हटलं असतं तर कुणाचंच काही गेलं नसतं. पण हे गाणं तिच्या लग्नात लागायचं होतं, आणि तिथं बाकीच्यांना कान असणार होते.

हळू सांगून उपयोग नव्हता. मला ओरडावं लागलं. "नाईत रे! तोरड्या नाईत त्याच्यात!"

टेलरची मशीन थांबली. रस्त्यावरचे दोघे वळून बघू लागले. त्यानं डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं, म्हणजे ऐकलं होतं त्यानं. गाणं अजून चालू होतं, आणि वर गेलेलं बोट त्यानं लगेच खाली घेतलं नाही.