साहेबांनंतरचा पहिला काटा

कंपनी काढणारे साहेब वारले, तेव्हा आता आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यातून नवं काही निघणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही. तपासणी विभागातल्या माझ्या बावीस वर्षांत प्रत्येक नवा काटा त्यांच्याच डोक्यातून निघाला होता.

त्यांच्या मुलीने द्राक्षांचे डबे तोलायचा काटा केला. तो घेऊन आम्ही दोघं पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये गेलो. त्यावर भरलेल्या शंभर डब्यांत एकोणीस चुकीच्या वजनाचे निघाले. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर परत न्या."

डबे भरणाऱ्या मावशी हसल्या. "हातात कात्री, नजर घडावर. आकडा कधी बघू?"

मुलीने विचारलं, "वजन जमलं की शिट्टी वाजवू?"

"नको गं पोरी! वीस काटे एकदम शिट्ट्या मारतील. डब्याखाली दिवा लाव."

तिने तिथेच बसून हिरवा दिवा जोडला. पुढच्या शंभरात चारच चुकले. मालकांनी काटा ठेवून घेतला.

"तुझ्या वडलांना तीन-तीनदा सांगावं लागायचं," मावशी म्हणाल्या.

साहेब इथे येऊन मावशींना विचारायचे, हे मला माहीतच नव्हतं. बावीस वर्षांत मी पॅकहाउसला पहिल्यांदाच आलो होतो. मुलीने तोवर दुसऱ्या मावशींशेजारी स्टूल ओढलं होतं.