मांडव चढला, मग रस्ता

शिरूर तालुक्यातल्या आमच्या माथवाडीला रस्त्याची कमी होती असं म्हटलं तर अन्याय होईल. दर निवडणुकीला त्याचं भूमिपूजन होत असे. डोंगराच्या पायथ्याशी मांडव पडे, नारळ फुटे, फोटो निघत. साहेबांच्या गाडीचं पोट घासू नये म्हणून मांडवापर्यंतचा रस्ता अगदी मनापासून होई. पुढे चढ आहे, हा शोध इंजिनिअरांना दर वेळी नव्याने लागे.

मांडव हौसरावांचा असे. ते राहत वाडीत. बांबू, कनाती, खुर्च्या आणि टेम्पो मात्र खाली गावात. मी वाडीच्या शाळेत मास्तर, शाळेच्या कामांसाठी खाली जावं लागे, त्यामुळे डोंगर उतरताना आमची जोडी जमे. त्यांच्या पत्नी धुरपदाबाईंचे गुडघे गेले आणि त्यांचं खाली उतरणं थांबलं. लेक राजश्री वरवंडला दिलेली. तिचं घर, तिची तान्ही मुलगी, काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं.

"काकू, झोळी करून नेतो," वाडीतली पोरं म्हणाली.

"झोळीतनं मी एकदाच उतरनार हाय," धुरपदाबाई म्हणाल्या, "आन् तवा काय वरवंडला न्हाई जायाचं."

पंचाण्णव सालचं भूमिपूजन उरकलं आणि रस्ता नेहमीच्या जागी थांबला. हौसराव रिकाम्या मांडवातल्या खुर्च्या गोळा करत होते.

"मास्तर, ह्यो रस्ता डोंगराकडं येतच न्हाई," ते म्हणाले. "मांडवाकडं येतो."

पुढच्या खेपेस त्यांनी कार्यकर्त्यांना पटवलं की पायथ्याला साहेबांच्या तोंडावर ऊन येतं, पहिल्या वळणावर वडाची सावली आहे. साहेबांना ऊन लागणं म्हणजे गंभीर बाब. रस्ता वडापर्यंत गेला. नंतरच्या खेपेला दुसऱ्या वळणावर फोटो चांगला येतो असं निघालं. रस्ता तिथवर चढला. इंजिनिअरांना चढ दिसेनासा झाला होता.

उरला शेवटचा खडा चढ, वर वाडीच्या तोंडाशी म्हसोबाचं देऊळ. नव्या साहेबांचा कार्यकर्ता बाळासो जागा बघायला आला, तेव्हा हौसराव सहज म्हणाले, "मागच्या साहेबांनी नारळ खालीच फोडला. म्हसोबापतुर आलंच न्हाईत."

"मग?"

"मग काय. पडलं."

बाळासोचा चेहरा बदलला. "आन् त्यांच्या आधीचे?"

"त्यांनीबी खालीच फोडला. तवा तुमी मागच्या साहेबांकडं व्हता, तुमीच न्हाई का पाडलं त्यास्नी?"

महिन्याभरात म्हसोबाच्या पायरीपर्यंत डांबर आलं. ज्या रस्त्याचं भूमिपूजन करायचं, त्याच रस्त्याने साहेब गाडीतून वर आले. हे कुणालाच खटकलं नाही.

भाषण रंगलं. "या डोंगरावरच्या माता-भगिनींचे हाल मला बघवत नाहीत," इथवर साहेब आले आणि मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. हौसराव चालवत होते. शेजारी धुरपदाबाई, अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर नात तान्ही असताना तिच्यासाठी शिवलेली गोधडी.

बाळासो धावला. "आबा, कुठं निघालात? मांडव कोण सोडणार? सभा चालू हाय."

"चालू द्या की. मांडव सकाळी सोडतो."

धुरपदाबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "भाऊ, ती पांढरी गाडी जरा बाजूला घ्या. लेकीकडं जायाचंय."

साहेबांनी भाषण थांबवून ड्रायव्हरला खूण केली. गाडी बाजूला झाली.