टाइमकीपरचा शिंजीर

खैरुद्दीनचाचा आमच्या बांधकाम कंपनीचे टाइमकीपर. कोण रजेवर गेला, कोण ठरल्या तारखेला परतला नाही, सगळं त्यांच्या रजिस्टरात. माणूस रत्नागिरीकडचा, मनाने मऊ. पण पाच मिनिटं उशीर झाला तर सख्ख्या भावालाही सोडणार नाही. मी त्यांचा रूममेट, त्यामुळे मला आंघोळीला किती वेळ लागला हेसुद्धा ऐकावं लागतं.

शारजात कंपनीच्या व्हिलामागे बोरीचं झाड आहे. चाचांनी रोल्लाच्या बाजारातून साखरपाण्याची लाल बाटली आणून त्याला टांगली. खोक्यावर हमिंगबर्डचं चित्र होतं. तो इथे कुठला यायला? आला तो आपला शिंजीर, अंगठ्याएवढा, उन्हात निळाजांभळा चमकणारा. उन्हाळा लागला की गायब, आणि फेब्रुवारीच्या पाच तारखेला, फार तर सहाला, हजर. चाचांनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्याचीही हजेरी सुरू केली. नाव शिंजीर, हुद्दा हेल्पर.

यंदा बारा तारीख उलटली तरी स्वारीचा पत्ता नाही. चाचा रोज पाणी बदलायचे, झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि मला विचारायचे, "सुदेश, तुला दिसला का रे?" माझ्यावर संशय असल्यासारखे.

शेवटी गावी बायकोकडे, मैमुनाबींकडे, तक्रार गेली. त्या तीन वर्षं चाचांना घरी बोलवत होत्या. यंदाचे रोजे तरी घरी धरा म्हणून महिनाभर मागे लागल्या होत्या. चाचांचं उत्तर ठरलेलं: हा प्रोजेक्ट खलास झाला की येतो, इन्शाल्ला.

फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता.

"आठ दिवस लेट आहे, मैमुना! बिना इन्फॉर्म! असं कुणी करतं?"

"आठ दिवसांत एवढे कासावीस झालात?" मैमुनाबी म्हणाल्या. "मी तीन वर्षं वाट बघतेय. माझ्याकडे रजिस्टर नाही म्हणून वाचलात."

चाचांचं तोंड एवढंसं झालं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण माझीही आई पुण्यात वाटच बघते.

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतःच्या रजेचा फॉर्म भरला. रोजे सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निघालेसुद्धा. शिंजीर तोवर आलेला नव्हता. टॅक्सीत बसताना मला म्हणाले, "एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. दिवसाआड बाटली धू. आणि आला की टाइम लिही. अंदाजे नको."

चौथ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला स्वारी आली, तीही जोडीने. मी टाइम लिहिला, फोटो काढला आणि चाचांना पाठवला. दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी आलं ते मैमुनाबींचं.

"सुदेशभाऊ, तुमचं पाखरू पोचलं, बरं झालं. आमचंही पोचलं. इफ्तारपासून नुसतं खातंय."