कणगीतली बिगरी

मी बिगरीचा मास्तर झालो तो एका ज्वारीच्या कणगीमुळे.

हे खरं उत्तर मी आजवर कुणालाही दिलेलं नाही. शाळा तपासायला साहेब येतात, पहिलीच्याही खालचा, नाक पुसता न येणाऱ्या पोरांचा माझा वर्ग बघतात आणि हमखास विचारतात, "मास्तर, या कार्याची प्रेरणा आपल्याला कुठून मिळाली?" मग मी आढ्याकडे बघतो, उसासा टाकतो आणि 'बालक म्हणजे उमलती कळी' असं काहीतरी बोलतो. (त्याच वेळी एक उमलती कळी माझ्या धोतराला शेंबूड पुसत असते.) साहेब खूश होऊन जातात. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, की साहेब, मला मामलेदार कचेरीत कारकून व्हायचं होतं हो!

त्यात खोटं काही नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेला मी पहिला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही बातमी निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या भावाआधी सांगायला सुरुवात केली होती. चिकोडीच्या कचेरीत अर्ज गेला होता. खुर्ची, कानावर टाक, समोर हात जोडून उभे असलेले गावकरी, सगळं मला डोळ्यांपुढं दिसत होतं. फक्त आक्काचं लग्न तेवढं मध्ये होतं.

आक्का माझी थोरली बहीण. मला तिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. तिला बेळगावातलं, खडेबाजारातल्या कापडदुकानदाराचं स्थळ आलं आणि आप्पांचे पाय जमिनीला लागेनात. व्याही मात्र करडे. हसले तर दुकानातलं कापड आटेल अशा बेतानं वागणारे! आई रोज देवापुढं एकच मागायची, "लग्नात काय उणं पडू दे नको. न्हायतर माझ्या लेकीला जन्मभर बोल लागंल."

आणि उणं पडायची जागा आमच्यात एकच. आम्ही जैन. दिवस मावळला की तोंडात घास घालायचा नाही. त्यात आमच्या घराण्याची रीत अशी, की पहिला घास नवरदेवाचा. त्यानं पानाला हात लावल्याशिवाय वऱ्हाडातल्या कुणी लावायचा नाही. म्हणजे नवरदेव वेळेत जेवला तर गाव जेवणार, नाही तर पाव्हणे उपाशी परतणार आणि त्याचं उट्टं आक्कावर निघणार.

नेमकं वऱ्हाडाच्या गाडीचं चाक वाटेत मोडलं. सकाळच्या अक्षता दुपार कलल्यावर पडल्या. स्वयंपाक तयार व्हायला वेळ होता आणि सूर्याला थांब म्हणायची सोय नव्हती. आप्पांनी कल्लाप्पाकाकांना अंगणात सूर्यावर नजर ठेवायला उभं केलं. काका तिथून हाळी देत होते, "अजून कासराभर हाय! चालू द्या!"

तेवढ्यात आई चुलवणापासून धावत आली. दोन्हीकडच्या वऱ्हाडातली झाडून सगळी बारकी पोरं तिनं पुढं घातली होती.

"भूपाल, ही पोरं सांबाळ. चुलीत पडंल एखादं!"

"आई, मी फायनल पास झालोय!"

"म्हणूनच सांगतीय न्हवं. एवढी वरसं शाळंत बसलास, पोरं कशी गप बसिवत्यात ते बघिटलं न्हाईस व्हय?"

 मी पोरांना धान्याच्या खोलीत नेलं, चिंचेचा फोक हातात घेतला आणि आमच्या मास्तरांचा आवाज काढून ओरडलो, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

(दोन्ही एकदम कसं करायचं, हे मला आजही उमगलेलं नाही.) पोरांनी मात्र लगेच मार्ग काढला. प्रत्येकानं स्वतःच्या हाताची घडी घालायच्या ऐवजी शेजारच्याच्या तोंडात बोट घातलं. शेजारच्यानं ते चावलं. खोलीत जो आकांत उसळला त्यानं बाहेरचे वाजंत्रीवाले थांबले!

आता शिक्षा केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खोलीत तीन कणग्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. कळकाच्या विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या, माणसापेक्षा उंच, पोट मोठं आणि तोंड बारीक. बुडं जमिनीशी लिंपून पक्की केलेली. दोन भरलेल्या, एक लग्नाच्या जेवणावळींनी रिकामी झालेली. मी त्या रिकामीकडं फोक रोखला.

"आता जो ओरडंल त्याला कणगीत कोंडणार!"

चिडीचूप. मला वाटलं, लढाई जिंकली. मग पुढून एक बारका आवाज आला, "मला कोंडा."

हा चंदू. नवरदेवाचा धाकटा भाऊ, भरजरी टोपी घातलेला.

"न्हाय बाळा, ती शिक्षा असतीया."

"मला पायजे शिक्षा! आऽऽऽ!" तो ओरडला. नियमानं ओरडला! मला शब्द पाळणं भाग होतं. पालथ्या घंगाळावर उभा राहून मी त्याला अलगद आत सोडला. त्याबरोबर उरलेल्या सगळ्यांनी रांग लावली आणि आपापला नंबर यावा म्हणून पोरं जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली. जगातल्या कुठल्या शाळेत शिक्षेला एवढी गर्दी झाली असेल असं मला वाटत नाही.

इतक्यात दारात आप्पा. "पानं वाढली! नवरदेव बसल्यात! त्येंचा चंदू कुठाय? त्यो आल्याबिगर जेवणार न्हाईत म्हणं!"

मी कणगीकडं बोट दाखवलं. आप्पांचा चेहरा पांढरा पडला.

"चंदू, ये बाळा वर," मी वाकून हात पुढं केला.

"न्हाय येत."

"बुंदीचा लाडू देतो."

"न्हाय येत."

"तुझा दादा उपाशी बसलाय रं!"

"बसू दे!"

अंगणातून हाळी आली, "हातभर ऱ्हायलाय!"

आता काय सांगू! मी आणखी वाकलो. चंदूची टोपी बोटाला लागली. आणखी जरासा वाकलो आणि पायाखालचं घंगाळ सरकलं. फायनलची परीक्षा झाल्यापासून मी आईच्या लोण्यावर पोसलो होतो, त्यामुळं एवढ्याशा तोंडातून मी आत जाईन असं कुणालाच वाटलं नसतं. पण आत जाताना वजन माझ्या बाजूनं होतं! चंदू कडेला सरकला म्हणून वाचला. मी उलटासुलटा होत कसाबसा सरळ उभा राहिलो, तेव्हा वरच्या गोल उजेडात पोरांची डोकी दाटली होती आणि एकजण कळवळून म्हणत होता, "मास्तर मधीच घुसलं! माझा नंबर हुता!"

दोन काकांनी मला हात धरून वर ओढलं. काखेपर्यंत आलो. पोटानं पुढं यायला नकार दिला. "कणगी फोडा!" कुणीतरी म्हणालं. त्यावर आप्पा कडाडले, "लगनाच्या दिवशी भरल्या घरातली कणगी फोडू? बरकत जाईल घरातनं!" काकांनी मला सोडून दिलं. मी पुन्हा तळाला.

मग व्याह्यांचा आवाज आला. "एन्री इदु? काय चाललंय हे? आमची माणसं उपाशी बसलीत आणि तुम्ही खेळ कसला मांडलाय?" पाठोपाठ आईचं मुसमुसणं ऐकू आलं. त्या अंधारात मला रडू फुटलं. ज्या बहिणीनं मला कडेवर खेळवलं, तिचा संसार मी पहिल्याच दिवशी कणगीत घालून बसलो होतो!

"तुमाला बी ऱ्हायाला नगं वाटतंय व्हय बाहीर?" चंदूनं विचारलं.

"व्हय रं," मी नाक पुसत म्हणालो. फोक वरच राहिला होता आणि मास्तरांचा आवाज काढायची ताकद उरली नव्हती. म्हणून साधं विचारलं, "तुला का नगं वाटतंय?"

त्यानं कणगीचं लिंपण नखानं खरवडलं. मग म्हणाला, "मी रोज दादाच्या ताटात जेवतोय. मावशी म्हणाली, आता त्या ताटात वहिनी जेवणार. तिथं तुझं काय काम?"

एवढंच होतं! सगळं वऱ्हाड त्याला लाडू दाखवत होतं आणि पोराला ताटातली जागा हवी होती. मला एकदम आक्का आठवली. तिच्या ताटात मी मिशी फुटेपर्यंत जेवलोय.

"चंदू, ती वहिनी म्हंजे माझी आक्का. ती ताटातनं कुणाला उठवीत न्हाय. तिघं जेवा. मी सांगतो तिला."

"शपथ?"

"शपथ!" आणि मी कणगीतून जमेल तेवढ्या जोरानं ओरडलो, "आक्का! चंदूला तुमच्या ताटात घेशील का न्हाय?"

बाहेर नव्या नवरीनं सासऱ्यासमोर बोलायची पद्धत नव्हती.  तरी आक्काचा ठणठणीत आवाज आला, "घेते की! पाठवून दे त्येला!"

"चार बोटं ऱ्हायलाय!" कल्लाप्पाकाकांचा आवाज फाटला होता.

चंदू माझ्या गुडघ्यावर, खांद्यावर आणि शेवटी (गरज नसताना) नाकावर पाय देऊन वर चढला. काकांनी त्याला उचलून पळवला. पंगतीत एकच गलका झाला, मग घास चावल्याचा तो देवदुर्लभ शांत आवाज. आक्का वाचली. वऱ्हाड जेवलं. मी एकटा कणगीत उभा राहून वरणाचा वास घेत होतो.

शेवटी आईला माझी आठवण झाली. लाडू घेऊन ती धावत आली, घंगाळावर चढली आणि तिचा हात आत उतरू लागला. लाडू माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला होता.

"मावळला!" अंगणातून हाळी आली.

हात तसाच वर गेला. "उद्या देते हं, बाळा," आई म्हणाली.

दिवे लागले. जेवून आलेली पोरं पुन्हा कणगीभोवती जमली. आत माणूस असलेली कणगी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "मास्तर, तुमी जिता हाय का?" एकानं विचारलं. मी म्हणालो, "न्हाय. मी ज्वारीचा दाणा हाय." असं का म्हणालो ते भुकेलाच ठाऊक. मग त्या दाण्याची गोष्ट सांगावी लागली. उंदीर आला, चिमणी आली, जात्यात पडायची वेळ आली. पोरं इतकी शांत झाली की ती निघून गेली असं समजून मी थांबलो, तर बाहेरून कणगीवर थापा पडल्या. "फुडं?"

त्या शांततेला भिऊनच व्याही आत आले असावेत. दारात उभं राहून त्यांनी सगळी गोष्ट ऐकली आणि मग आप्पांना म्हणाले, "आमच्या गल्लीत आम्ही शाळा काढलीया. बिगरीला मास्तर टिकत नाही. पळून जातो." त्यांनी कणगीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा काय पळून जाईल असं वाटत नाही."

"आप्पा, माझी कचेरी!" मी आतून आक्रोश केला.

"लेकीच्या सासऱ्याला लगनादिवशी न्हाय म्हणायचं व्हय रं?" आप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वर उजेडात आक्काचं तोंड दिसलं. मुंडावळ्या खाली लोंबत होत्या. गाड्या जुंपल्या होत्या आणि ती निरोप घ्यायला आली होती. सगळ्या नवऱ्या बापाच्या गळ्यात पडून रडतात, ही कणगीच्या गळ्यात पडून रडली. तिचं पाणी माझ्या कपाळावर पडत होतं. "भूपाल, बेळगावला येशील न्हवं रं... माझ्याजवळ कोण न्हाय रं तिथं," ती हुंदक्यांत म्हणत होती. मग मी दुसरं काय म्हणणार? "बरं," म्हणालो.

सकाळी, लग्नाचा दिवस उलटून वऱ्हाडाच्या गाड्या शिवेपार गेल्याची खात्री करून आप्पांनी कोयत्यानं कणगी फोडली. आईनं लाडू दिला. आठवड्याभरात चिकोडीहून कचेरीचा होकार आला, तेव्हा मी बेळगावात एका पोराची चड्डी शोधत होतो.

त्याला आता एक आयुष्य झालं. आक्का सुखात आहे. अजून कधी गेलो तर आपल्या ताटातलं मला वाढते. चंदू चिकोडीच्या कचेरीत कारकून आहे! खुर्ची, कानावर टाक, समोर हात जोडून उभे असलेले लोक, सगळं. परवाच तो आपल्या पोराला घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आला होता.

"मास्तर, ह्यो कुणाचं ऐकत न्हाय बघा. सारखा कुठंतरी दडून बसतोय."

"कुठं दडतोय?" मी विचारलं.

"कणगीत," चंदू म्हणाला आणि पोराला माझ्या हवाली करून, कचेरीसाठी चिकोडीची मोटार गाठायची म्हणून निघून गेला.

लोक सांगतात, की त्या सकाळी आप्पांनी मला कणगीतून बाहेर काढलं. असेलही. मला मात्र मान वर केली की अजून पोरांची डोकीच दिसतात, आणि लाडू अजून वीतभर वरच आहे.