एकतीस गाठी

नाकिरूला सुट्टी मी दिली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी मला भली बाई समजायचं.

सात वर्षं ती बहारीनमधल्या आमच्या उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये माझ्या सासूबाईंना सांभाळते आहे. माझी हॉस्पिटलची शिफ्ट, माझ्या नवऱ्याचं, व्हॅलेरियनचं, हॉटेल, त्यामुळे घर तिच्यावरच चालतं. सासूबाईंना आता माणसं ओळखू येत नाहीत. त्या नाकिरूशी आमच्या वसईच्या बोलीत बोलतात आणि ती आपल्या भाषेत उत्तरं देते. दोघींचं छान जमतं. तिची भाषा बोलणारं दुसरं माणूस इथे तिला आजवर भेटलेलं नाही. युगांडातल्या एका डोंगरावर ज्वारी पिकवणारी तिच्या गावची एकतीस घरं आणि शेजारच्या दोन-चार वस्त्या, एवढीच ती भाषा.

शुक्रवारी ती आमच्याबरोबर चर्चमध्ये मिसाला येते. पेरणीच्या दिवसांत मात्र आपल्या भाषेत तिची वेगळीच प्रार्थना सुरू होई. एकदा मी टोकलं, "अगं, बाप्तिस्मा झालाय ना तुझा? मग हे काय?"

"गॉड सेम सेम, मॅडम," ती म्हणाली. "पण आमच्या शेताला इंग्लिश मफी." मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'.

त्यांच्याकडे पेरणीआधी प्रत्येक घर चिमूटभर बियाणं आणतं. एक बाई एकेका घराचं नाव घेऊन त्याचा दाणा चावते आणि प्रार्थना म्हणते. एक घर जरी राहिलं, तरी गावात कुणीच पेरत नाही. हा मान नाकिरूच्या आईचा होता. ती मागच्या वर्षी गेली आणि थोरली म्हणून तो नाकिरूकडे आला. तिने तीन आठवड्यांची लीव्ह मागितली. सासूबाई दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाहीत, म्हणून मी नाही म्हटलं. वर शहाणपणा केला, "फोनवरून कर की!" तिने गावी फोन लावून येता येत नाही असं कळवलं. तिच्या गावाने मग बियाणंच तिच्याकडे पाठवलं.

युगांडाहून नोकरीसाठी नवीनच आलेली एक मुलगी शनिवारी सकाळी ते देऊन गेली. नाकिरू सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली होती. पिशवीत मळक्या कापडाची लांब पट्टी होती, तिला एकतीस गाठी, आणि गाठींत ज्वारी. कित्येक दाणे पोखरलेले. मला वाटलं, बिचारीचं थोडं काम हलकं करावं. सगळ्या गाठी सोडल्या, ज्वारी ताटात घेऊन स्वच्छ निवडली, किडके दाणे कचऱ्यात टाकले. पट्टी धुवायला मशीनला लावली आणि ज्वारी काचेच्या बरणीत भरून ठेवली. माझी आई असंच करायची. स्वतःवर खूश होऊन मी चहा टाकला.

नाकिरू आली, बरणीकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली. "मॅडम, गाठ किदर?"

मी सांगितलं. सांगता सांगता मला कळत गेलं मी काय केलंय ते. आता कुठला दाणा कुठल्या घरचा? चार वाजता सगळं गाव फोनपुढे बसणार होतं. तिकडे ढग भरून आले होते आणि तिच्या तोंडाकडे डोळे लावून सगळ्यांची शेतं थांबली होती.

"खराबवाले?" तिने विचारलं.

मी डब्याकडे बोट दाखवलं. चहाच्या चोथ्यातून तिने एकेक दाणा वेचला, नळाखाली धुतला. मला म्हणाली, "ज्याच्याकडे चांगलं नाय, तो खराबच पाठवणार." मला ते इतकं लागलं की मान वर करवेना.

चार वाजता मी फोन धरून उभी राहिले. पडद्यावर माणसं जमिनीवर बसली होती. घरं ओळखता येत नाहीत म्हटल्यावर तिने एकच वाट धरली. सगळीच ज्वारी खायची, म्हणजे कुणी सुटणार नाही. आधी कचऱ्यातले दाणे. एक घास, एकतीस नावं, प्रार्थना. पुन्हा घास. कच्ची ज्वारी चावून तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. मी पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. सासूबाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून शांत बसल्या होत्या. दोन तासांनी बरणी रिकामी झाली. तिने तळहात उघडे करून दाखवले. पलीकडे माणसं उठली, कुणी हसलं, कुणी कुदळ उचलली.

तेवढ्यात मला माझ्या बाहीच्या दुमडीत काहीतरी टोचलं. एक दाणा. काळपट, अर्धा पोखरलेला.

मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. तिचा जबडा सुजला होता. पाय माझेही दुखत होते.

"नाकिरू, थांब," मी म्हटलं आणि तो दाणा तिच्या हातावर ठेवला.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये एकच शब्द बोलली. डोंगरावरची माणसं कुदळी ठेवून पुन्हा खाली बसली. नाकिरूने दाणा तोंडात टाकला आणि पहिल्या घरापासून नावं घ्यायला सुरुवात केली.