ती बोटं कुणाची

बबनच्या जाण्यानं कामगार रंगभूमीचा निर्भीड आवाज हरपला. वाक्य माझं नाही. मोशीच्या चौकातल्या फ्लेक्सवर ते छापलं होतं आणि बबन गेल्याचं मला तिथंच कळलं. वर नेत्यांचे फोटो एवढे मोठे होते की श्रद्धांजली नक्की कुणाला, हे शोधावं लागलं.

चाकणच्या एका कारखान्यात आम्ही एकाच शिफ्टला. तो नाटकं लिहायचा, मी कामं करायचो. प्रयोगाआधी संहिता सेन्सॉरकडे पाठवून प्रमाणपत्र आणावं लागे. त्यावर आमची जुनी रीत होती: नैवेद्य ठेवायचा. म्हणजे मुद्दाम दोन-चार आचरट वाक्यं घालायची. साहेब ती कापून तृप्त होतात, मोलाचं वाचतं. बबनच्या जिवाभावाच्या नाटकात नैवेद्य होता मॅनेजरच्या केबिनमध्ये ओरडणाऱ्या गाढवाचा. मोलाचं होतं एका आईचं बोलणं. ठेक्यावरच्या तिच्या मुलाची बोटं प्रेस मशीनमध्ये गेलेली. असा मुलगा आमच्याच लाइनवर होता. बबननं त्याला हात रुमालात गुंडाळून नेताना पाहिलं होतं.

संहिता परत आली. गाढव शाबूत, आईचं बोलणं तेवढं कापलेलं. शेरा होता, उद्योगांविषयी गैरसमज पसरतील.

"गाढव ठिवलं व्हय रं?" बबन म्हणाला. "घरचं वाटलं असंल त्यास्नी."

मंजूर संहितेत बदल चालत नाही. म्हणून गाढव ओरडलं, आणि आईचं काम करणारी शालन, आमच्या कँटीनमधली, तिच्या जागी येऊन नुसती उभी राहिली... गप्प. स्पर्धेच्या परीक्षकांनी त्या शांततेला दिग्दर्शनाचं बक्षीस दिलं. बबन ते घ्यायला गेला नाही.

पुढं कापाकापीचीही गरज राहिली नाही. स्पर्धेचे विषयच वरून ठरून येऊ लागले. अनुदान हवं, हॉल हवा, तर सरकारी योजनांवर लिहा. बबननं लिहिलं. त्याची पात्रं जाहिरातीसारखी बोलू लागली, टीव्हीवरच्या बातम्या बोलतात तशी. त्याची वाक्यं कापली याचा मला राग आहेच. पण पुढं ते कापायचं काम त्याच्याकडूनच, त्याच्याच घरी, करून घेतलं, याचा जास्त आहे. आणि याला संस्कृतीचं जतन म्हणायचं.

"लोनच्यावानी जपत्यात राव," तो म्हणायचा. "झाकण लावून."

शेवटच्या भेटीत त्यानं एकच विचारलं, "शालनला ती आई अजून पाठ असंल का रं? एकदा कुनीतरी बोलाया पायजे हुतं."

मी हा प्रश्न शालनला सांगितला.

शोकसभेत प्रमुख पाहुण्यांनी 'निर्भीड' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. मग दोन मिनिटं शांततेसाठी सगळे उभे राहिले. तेव्हा मागच्या रांगेतून शालनचा आवाज आला, चढा नाही, पण स्वच्छ.

"माझ्या लेकाची बोटं मशीनमधी गेली. कंपनी म्हनते, त्यो आमचा न्हाई. ठेकेदार म्हनतो, त्यानं कालच काम सोडलं. मग मशीनमधी हायेत ती बोटं कुणाची, साहेब?"

माझ्या शेजारचा जुना फिटर डोळे पुसत होता. पाहुण्यांनी सगळं डोळे मिटून, हात जोडून ऐकलं आणि "ॐ शांती" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: सांगता प्रार्थनेनं झाली.

परवा बबनच्या घरी गेलो. खोलीत त्याच्या खुर्चीसमोर, भिंतीवर, त्या नाटकाचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र अजून फ्रेममध्ये लटकतं आहे. आईला त्यात जागा नाही. गाढवाला परवानगी आहे.