कॅक्टसला तांदळाचं पाणी

बंगळूरला नोकरीसाठी जाताना लेक माझ्या हातात एक कॅक्टस ठेवून गेली. लिंबाएवढा, अंगभर काटे. "दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला आहे, आई. महिन्यातून एकदा दोन चमचे पाणी. बाकी हात लावू नकोस." हे सांगतेय कोणाला? मला हातावर हात ठेवून बसणं या जन्मात जमलेलं नाही.

तेव्हा आमच्यात धड बोलणं नव्हतं. मी दिवसातून चार फोन करते म्हणून तिने चिडून फक्त रविवार ठरवून दिला होता. फोन लागला की "कॅक्टस दाखव" म्हणायची. मी दाखवायचे, त्याच्या निमित्ताने दहा मिनिटं जायची. तो नसता तर आम्ही काय बोललो असतो, देव जाणे.

आणि तरी मी माती खाल्ली. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत, ते झाडांना. सोनिवलीच्या आमच्या फ्लॅटच्या एवढ्याशा खिडकीत तुळस पिते, कढीपत्ता पितो आणि हा बिचारा कोरडा? मला बघवेना. रोज घोटभर द्यायला लागले. एका शनिवारी सकाळी बोट लावलं तर अख्खा मऊ, पिकल्या चिकूसारखा, आणि बुडाशी घाण वास.

भाजी अर्धी कच्ची उतरवली आणि उल्हासनगर गाठलं. स्टेशनवरून शेअर रिक्षाने कॅम्प तीनचा बाजार. जीन्सच्या दुकानांच्या रांगेत एका कुंड्यावाल्याकडे तस्साच मिळाला, वर पिवळं फूलसुद्धा. "ओरिजिनल है आंटी," तो म्हणाला. घरी आल्यावरही चैन पडेना. खिडकीपाशी शंभर खेपा घातल्या असतील.

रविवारी तिला ऐटीत दाखवला. "बघ, फूल आलंय."

ती स्क्रीनच्या जवळ आली. "आई, ते फूल गोंदाने चिकटवलंय. हा माझा नाहीये."

आधी मी तिच्यावरच भडकले. मग सगळं सांगून टाकलं, तांदळाच्या पाण्यासकट.

"मग खोटं कशाला बोललीस? मला एवढी घाबरतेस?"

"हो," मी म्हणाले. "तू फोन ठेवशील याला घाबरते."

एरवी मी दहा विषय काढले असते. त्या दिवशी फोन नुसता धरून ठेवला. तिकडे तिच्या कुकरची शिट्टी झाली. ती उठून गॅस बंद करायला गेली, फोन मात्र तसाच चालू ठेवून. मी तिच्या खोलीच्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसून राहिले.